क्वाओआरचं कडं आणि तुमची आठ इंची दुर्बीण

फैजपूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय: "कॉलेजला आठ इंची दुर्बीण मिळाली. मुलांना शनीची कडी दाखवत होतो. एक मुलगी म्हणाली, सर, हाउमिया आणि क्वाओआरलाही कडी आहेत असं वाचलंय, ती दाखवा. मी म्हटलं, ती हबललासुद्धा दिसत नाहीत. तर म्हणते, मग आहेत हे कशावरून? मला नीट सांगता आलं नाही. आणि माझा स्वतःचा प्रश्न असा, की एवढ्या दुर्बिणीतून या कामात आम्ही काही भर घालू शकतो का, की नुसते चंद्र-शनी दाखवत बसायचं?"

सर, मुलीचा प्रश्न तुमच्यापेक्षा वजनदार आहे, म्हणून आधी तिचं उत्तर. हाउमिया आणि क्वाओआर हे नेपच्यूनपलीकडचे बटुग्रह, म्हणजे ग्रहांहून लहान गोळे. त्यांची कडी आजवर कुणी फोटोत पाहिलेली नाहीत, हे तिला मोकळेपणानं सांगून टाका. त्यांच्या सावल्या मोजल्या आहेत.

तुम्ही भुसावळच्या जवळचे, म्हणून उदाहरणही तिथलंच देतो. अंधाऱ्या रात्री रुळांपासून लांब उभे राहा. रुळांच्या पलीकडे एकच दिवा जळतोय. मधून मालगाडी जाते. गाडी काळोखात दिसत नाही, पण दिवा विझतो, लुकलुकतो, पुन्हा विझतो. गाडीचा वेग ठाऊक असेल तर दिवा किती वेळ विझला त्यावरून डब्याची लांबी निघते आणि किती वेळ दिसला त्यावरून दोन डब्यांमधली फट. एखादा डबा जाळीचा असेल तर दिवा पुरता विझणार नाही, मंद होईल. त्यावरून जाळी किती दाट तेही कळेल. दिव्याच्या जागी तारा ठेवा, गाडीच्या जागी बटुग्रह, की झालं तारकापिधान.

आता आकडे. क्वाओआर सूर्यापासून पृथ्वीच्या त्रेचाळीसपट दूर, म्हणजे सुमारे ६४३ कोटी किलोमीटरवर. व्यास १,१०० किलोमीटरच्या आसपास. फैजपुरात उभं राहून धुळ्याच्याही थोडं पलीकडे ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तेवढं त्याचं बिंब. हबलचा फोटो तिथे हजार-बाराशे किलोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं करू शकत नाही, म्हणजे आख्खा क्वाओआर एका ठिपक्यात संपला. कड्याचा घेर त्याहून बराच मोठा आहे, पण पट्टी इतकी अरुंद आणि अंधारी, की तिचा उजेड मुख्य ठिपक्याच्या झगमगाटात बुडून जातो. सावलीचं गणित मात्र निराळं. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते, क्वाओआर साडेचारच्या आसपास. क्वाओआर सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे आपल्या आकाशात विरुद्ध बाजूला असताना दोन्ही एकाच दिशेला जातात, म्हणून सावली आपल्यावरून सेकंदाला साधारण २५ किलोमीटरनं सरकते. सेकंदाच्या दहाव्या भागाला एक फ्रेम घेतली तर एका फ्रेममध्ये अडीच किलोमीटर. विवर्तनामुळे, म्हणजे कडेजवळून जाताना प्रकाश थोडा वळतो त्यामुळे, सावलीची कड दीडेक किलोमीटर पुसट होते, त्याच्या आतलं कळत नाही. म्हणजे जिथे हबलला हजार किलोमीटरची नजर, तिथे शेतात मांडलेल्या दुर्बिणीला दोन-तीन किलोमीटरची. अर्थात एकाच रेषेवर, आणि त्या एका मिनिटापुरती.

कडं आणि चंद्र यांत फरक कसा करायचा, हे सांगायला एक जुनी गोष्ट फार उपयोगी पडते. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस एका ताऱ्यावरून जाणार होता. अमेरिकेच्या जेम्स इलियट यांचा गट विमानात बसवलेली दुर्बीण घेऊन हिंदी महासागरावर उडत होता. आपल्याकडे तामिळनाडूत कावलूरला जे. सी. भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसले होते. कावलूरच्या आलेखात एक खड्डा उमटला, म्हणजे तारा काही सेकंद मंद झाला. 'नेचर'मध्ये तो छापून आला युरेनसचा नवा उपग्रह म्हणून. विमानातल्या नोंदीत मात्र ग्रहाच्या अलीकडे पाच खड्डे होते आणि पलीकडेही पाच, ग्रहापासून जवळपास त्याच अंतरांवर. चंद्र असे जोडीजोडीनं दोन्ही बाजूंना उभे राहत नाहीत, म्हणून ती कडी. कावलूरकरांनी बघण्यात चूक केली नव्हती. त्यांच्या हाताशी एकाच बाजूचा खड्डा होता, आणि एका खड्ड्यावरून चंद्र म्हणणं हा त्या वेळचा साधा अंदाज होता. मुलांना हे सांगताना मी 'आपली संधी हुकली' असा सूर लावत नाही. एका जागेवरून केलेल्या नोंदीला किती मर्यादा असते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

पुढची छत्तीस वर्षं कडी म्हणजे मोठ्या ग्रहांचा दागिना अशीच समजूत होती. ३ जून २०१३ ला दक्षिण अमेरिकेतून कॅरिक्लोच्या पिधानाची नोंद झाली. हा जेमतेम अडीचशे किलोमीटरचा पिंड, शनी आणि युरेनस यांच्या दरम्यान फिरणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना खड्ड्यांची जोडी निघाली: सुमारे ३९१ आणि ४०५ किलोमीटर त्रिज्येची दोन कडी. मग २१ जानेवारी २०१७ ला युरोपातल्या दहा वेधशाळांनी हाउमियाचं पिधान टिपलं. होसे लुइस ऑर्टिझ यांच्या गटानं ते मांडलं: २,२८७ किलोमीटर त्रिज्येचं, सुमारे ७० किलोमीटर रुंद कडं, ताऱ्याचा अर्धा उजेड अडवणारं. हाउमिया हा प्राणीच अजब. लांबट, भरताच्या वांग्यासारखा म्हणा, आणि चार तासांच्या आतच स्वतःभोवती एक फेरी. अशा तीन फेऱ्यांत कड्यातला कण एक प्रदक्षिणा पुरी करतो. ही ३:१ ची लय योगायोगाची नसावी असं सगळ्यांना तेव्हाच वाटलं.

आणि मग क्वाओआर. (तो अधिकृत पाच बटुग्रहांच्या यादीत नाही. यादीत सेरेस, प्लूटो, हाउमिया, माकेमाके आणि एरिस. पण काम करणारे बहुतेक जण त्याला बटुग्रहच धरतात, मीही धरतो.) २०१८ ते २०२१ या काळात नामिबियातून, ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांकडून आणि केऑप्स या अवकाश दुर्बिणीतून त्याच्या पिधानांच्या नोंदी झाल्या. ब्रुनो मोर्गादो आणि सहकाऱ्यांनी त्या एकत्र मांडल्यावर मुख्य पिंडापासून लांबचे लहान खड्डे एकाच लंबवर्तुळावर बसले: साधारण ४,१०० किलोमीटर त्रिज्येचं कडं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते 'नेचर'मध्ये आलं, आणि दोनच महिन्यांत २,५०० किलोमीटरवरचं दुसरंही. बाहेरचं कडं एकसारखं नाही. कुठे अवघं पाचेक किलोमीटर रुंद आणि दाट, कुठे शेकडो किलोमीटर पसरलेलं आणि इतकं विरळ की ताऱ्याचा उजेड जेमतेम टक्काभर कमी व्हावा.

गंमत त्याच्या जागेची आहे, आणि ती कळायला चंद्र लागतो.

केळीचा ट्रक वजनकाट्यावर घेतल्याशिवाय माल किती हे नुसतं बघून सांगता येत नाही. बटुग्रहाचंही तसंच. आकार पिधानातून कळेल, वजन नाही. वजन कळतं ते त्याच्याभोवती फिरणाऱ्या चंद्रावरून. क्वाओआरला वेवॉट नावाचा चंद्र आहे, हबलच्या फोटोंतून सापडलेला, २०० किलोमीटरच्या आसपास व्यासाचा. तो सुमारे १३,३०० किलोमीटरवरून १२.४ दिवसांत एक फेरी मारतो. अकरावीच्या पुस्तकातलं केप्लरचं तिसरं सूत्र, न्यूटनच्या रूपातलं, फळ्यावर मांडा आणि हे दोन आकडे घाला. उत्तर १.२ गुणिले १० चा २१ वा घात किलोग्रॅम, म्हणजे आपल्या चंद्राच्या साधारण साठाव्या हिश्श्याएवढं. मुलांकडून करूनच घ्या. प्लूटोचंही करता येतं. २२ जून १९७८ ला जेम्स क्रिस्टी यांना फोटोच्या काचेवर प्लूटोच्या ठिपक्याला आलेला फुगवटा खटकला आणि शॅरन सापडला. ६.३९ दिवस आणि १९,६०० किलोमीटर एवढ्यावरून दोघांचं मिळून वजन पृथ्वीच्या चारशेव्या हिश्श्याएवढं निघालं. त्याआधीचे अंदाज कितीतरी पटींनी मोठे होते. एरिसचं तर याहून मजेदार: आकारानं प्लूटोपेक्षा किंचित लहान, पण डिस्नोमिया या चंद्रानं ती सत्तावीस टक्के जड असल्याचं सांगितलं.

वजन आणि आकार हाती आले की घनता मिळते, आणि घनतेवरून रोश मर्यादा. तिच्या आत मुख्य पिंडाची भरती-ओहोटीची ओढ इतकी, की दगड-बर्फाचे तुकडे एकत्र येऊन चंद्र होऊ शकत नाहीत, कडं टिकतं. बाहेर तुकड्यांनी हळूहळू चिकटून गोळा व्हायला हवं. क्वाओआरची ही मर्यादा १,८०० किलोमीटरच्या आसपास येते आणि कडं ४,१०० वर. म्हणजे जिथे चंद्र व्हायला हवा होता तिथे कडं आहे. एक स्पष्टीकरण असं, की उणे २०० अंशांखालच्या थंडीत बर्फाचे कण एकमेकांवर आपटून चिकटण्याऐवजी टणकन उडत असावेत. दुसरं पुन्हा लयीचं. कड्यातल्या कणाची एक फेरी होईतो क्वाओआरच्या स्वतःभोवती तीन होतात, म्हणजे इथेही हाउमियासारखं ३:१. शिवाय वेवॉटशीही ६:१ ची लय जवळपास जुळते. माझं मत विचाराल तर लय महत्त्वाची, थंडी दुय्यम. कारण थंडी तिथल्या सगळ्यांनाच आहे, मग सगळ्यांनाच कडी हवी होती. प्लूटोजवळून २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान गेलं तेव्हा कडं मुद्दाम शोधलं, मिळालं नाही. चंद्र मात्र पाच.

लहान चंद्र पिधानाशिवायही सापडतात, आणि त्याला मोठी दुर्बीणच लागते. त्यात तुमचा-माझा हात नाही, म्हणून फार लांबवत नाही. मुख्य ठिपक्याचा उजेड गणितानं वजा करायचा आणि उरलेल्यात काही हलतंय का बघायचं. माकेमाकेचा चंद्र असाच एप्रिल २०१५ च्या हबलच्या फोटोंत मिळाला, माकेमाकेच्या १,३०० पट मंद. आधीच्या फोटोंत तो नव्हता, कारण त्याची कक्षा आपल्याला जवळपास कडेनं दिसते आणि बराच काळ तो झगमगाटात लपतो. एखाद्या बटुग्रहाला चंद्र नाही असं वाचलंत, तर पुढे 'अजून सापडला नाही' असं मनात जोडा.

आता तुमचा प्रश्न. भर घालू शकता, पण ज्या रस्त्यानं तुम्हाला वाटतंय त्या रस्त्यानं नाही. क्वाओआर १९ व्या प्रतीचा, हाउमिया साडेसतराच्या आसपासचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका ठिपका मंद). तुमच्या दुर्बिणीतून पहिला विसराच, दुसरा बरेच फोटो एकावर एक रचून मिळालाच तर मिळेल. आपल्याला ते दिसायची गरजच नाही. आपल्याला तारा दिसायला हवा. तारा बारा-तेरा प्रतीचा असेल तर आठ इंची आणि बऱ्यापैकी सीमॉस कॅमेरा सेकंदाला पाच-दहा फ्रेम देतो, आणि तेवढं पुरतं. गाया यानानं ताऱ्यांच्या जागा इतक्या नेमक्या मोजून ठेवल्या आहेत, की सावली कुठून जाणार याचा अंदाज पूर्वीसारखा हजार किलोमीटरनं चुकत नाही. मात्र बटुग्रह असा उजळ ताऱ्यावरून आपल्या डोक्यावर येण्याचा योग काही वर्षांतून एखादा. तोवर सराव लघुग्रहांवर करा. ऑकल्ट वॉचर नावाचं मोफत सॉफ्टवेअर तुमच्या अक्षांश-रेखांशासाठी महिन्याची यादी देतं.

त्यातही खानदेशाची एक कुचंबणा आहे. क्वाओआर सध्या धनु राशीच्या वरच्या अंगाला, आकाशगंगेच्या गर्दीत आहे. मागे तारेच तारे, म्हणून पिधानं भरपूर, पण तो समोर येतो ऐन जून-जुलैत, जेव्हा आपण पावसाची वाट बघत असतो. एप्रिलच्या कोरड्या रात्री हाउमिया स्वातीच्या तारकासमूहात, भूतपात, छान वर येतो, तर तिकडे मागे तारेच विरळ. आणि थंडीत, जेव्हा आपल्याकडे शेतोशेती भरीत पार्ट्या रंगतात आणि आकाश काचेसारखं असतं, तेव्हा पऱ्हाट्या जाळल्याचा धूर. त्यातून जे मिळेल ते आपलं.

दुर्बिणीपेक्षा घड्याळावर खर्च करा. मी हे माझी फजिती झाल्यावर शिकलो. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी माझं शेत आहे. तिथून एका लघुग्रहाचं पिधान मी सुंदर टिपलं, तारा गेला आणि आला, दोन्ही कडा स्वच्छ. नोंद पाठवली. उत्तर आलं, की तुमची रेषा इतरांच्या मानाने भलतीच सरकली आहे. लॅपटॉपचं घड्याळ चार सेकंद पुढे होतं, आणि किती पुढे हे त्या क्षणी मोजलेलंच नसल्यानं दुरुस्तीही करता येईना. सेकंदाला २५ किलोमीटरच्या सावलीत अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे साडेबारा किलोमीटर. पाच किलोमीटरचं कडं त्यात दोनदा मावेल. म्हणून प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ छापणारा कॅमेरा घ्या, नाहीतर जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्यावर लुकलुकणारा एलईडी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी दुर्बिणीसमोर धरा. तुमचे इलेक्ट्रॉनिक्सवाले विद्यार्थी हे एका दुपारी जमवतील. वीज जाणार हे गृहीत धरून बॅटरीवरच काम करा.

दुसरी फजिती सांगतो, कारण ती तुमच्याही वाट्याला येणारच. एका रात्री अंदाज दिलेल्या वेळेच्या दीड मिनिट आधी तारा अर्धा सेकंदाहून थोडा जास्त गायब झाला. माझ्या डोक्यात लगेच चंद्र! आजी ओट्यावरून विचारतेय, "काय देखी राह्यना रे भाऊ इतल्या रातले?" आणि मला बोलायचं सुचत नाही. सकाळी तीनशे मीटरवर दुसऱ्या बांधावर दुर्बीण लावलेल्या मित्राची नोंद पाहिली. तिच्यात काही नव्हतं. करोडो किलोमीटरवरचा चंद्र तीनशे मीटरवरच्या दोघांपैकी एकालाच दिसत नाही. पिंगळा किंवा वटवाघूळ गेलं असणार. तेव्हापासून मी एकटा बसत नाही. तुमच्याकडे दुर्बीण एकच असेल तर जवळच्या कुणाची तरी उसनी आणा.

मात्र या सगळ्यात खानदेशाची एक जमेची बाजू आहे, आणि तिच्यासाठीच एवढं लिहितोय. पिधानाच्या प्रत्येक जागेवरून पिंडाची एक जीवा मिळते, भूमितीतली वर्तुळाची जीवा असते तीच. आकार काढायला लांब-लांबच्या अनेक जीवा लागतात. क्वाओआरच्या अकराशे किलोमीटरसाठी खानदेश पुरणार नाही, त्याला कावलूरपासून नैनितालजवळच्या देवस्थळपर्यंत माणसं हवीत. (देवस्थळच्या दुर्बिणींनी ६ जून २०२० ला प्लूटोचं पिधान टिपून त्याच्या वातावरणाचा दाब मोजला, ते अवश्य वाचा.) पण वेवॉट दोनशे किलोमीटरचा. हाउमियाचा धाकटा चंद्र नामाका साधारण १७० चा. सातपुड्यातल्या पालपासून चाळीसगावपर्यंत उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटर होतात, नवापूर ते मुक्ताईनगर सव्वादोनशे. अशा चंद्राची सावली आपल्यावरून गेली तर पाल, फैजपूर, अमळनेर, चाळीसगाव एवढ्या चार दुर्बिणींत त्याचा आकार उभा राहील. या चंद्रांच्या सावल्यांचे अंदाज अजून कच्चे असतात, चूक अनेकदा चंद्राच्या आकाराहून मोठी. म्हणून मोठ्या वेधशाळेच्या भरवशावर राहता येत नाही. ती जागची हलत नाही, आणि सावली तिच्यावरूनच जाईल असं नाही.

तसंच कड्याचं. मुख्य सावली केरळातून जाणार असेल तर इकडचे लोक दुर्बीण झाकून झोपतात. क्वाओआरचं कडं मध्यापासून ४,१०० किलोमीटरवर आहे, म्हणजे त्याची सावली खानदेशावरूनही जाऊ शकते, मुख्य वेळेच्या अडीच-पावणेतीन मिनिटं आधी किंवा नंतर. विरळ भाग आठ इंचीत कळणार नाही, तो सोडा. दाट भाग एक-दोन फ्रेममध्ये येऊन जाईल. त्यासाठी आधी दहा आणि नंतर दहा मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा. वारा आला, ढग आला, हात लागला, सगळं वहीत वेळेसह लिहा. आणि काहीच झालं नाही तरी ती कोरी नोंद पाठवा. तारा इथे मंद झाला नाही, एवढ्यावरूनही सावलीची हद्द इकडे नव्हती हे ठरतं.

सुरुवात चंद्रापासून करा, आपल्या. सध्याच्या वर्षांत तो अधूनमधून कृत्तिकांवरून जातो. अंधाऱ्या कडेमागे तारा फट्कन जातो, तो क्षण मुलांना जीपीएसच्या ठोक्याशी जुळवून लिहायला लावा आणि दोन दुर्बिणींतल्या वेळा ताडून बघा. दोघींत सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त फरक येईनासा झाला, की मला कळवा. लघुग्रहांच्या यादीतला पहिला चांगला योग आपण दोघं मिळून करू. तुम्ही फैजपूरहून, मी शिरपूरहून. आणि त्या मुलीला वेळ लिहिण्याच्या कामावर बसवा.